नाताळ आमच्याच घरी होता, पण मी स्वयंपाकघरात होते

पत्र थोडक्यात असं आहे.

पुण्यात राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. नोकरी करतात, घरी नवरा, 11 आणि 7 वर्षांची दोन मुलं, सासूबाई, टू बीएचके फ्लॅट. सासर नगरचं, मिशन कंपाउंडातलं, म्हणजे मिशनच्या आवारातल्या ख्रिस्ती वस्तीतलं. चार वर्षांपूर्वी सासरे गेले, सासूबाई पुण्याला आल्या आणि त्यांच्या मागोमाग नाताळही पुण्याला आला, म्हणजे आधी सगळं घराणं 25 डिसेंबरला नगरला जमायचं ते आता यांच्या हॉलमध्ये जमतं. पहिल्या वर्षी 18 माणसं होती. मग ऑफिसच्या मैत्रिणी म्हणाल्या आम्हाला कधी बोलावणार, नवऱ्याचे कॉलेजचे मित्र आले, सोसायटीतली दोन घरं वाढली, आणि मागच्या वर्षी आकडा 46 वर गेला. बिर्याणी, सुकं चिकन, दोन भाज्या, केक, फराळ, सगळं घरी. 25 ला सकाळची चर्चमधली उपासना यांची चुकली कारण मसाला भाजायचा राहिला होता. एक जैन मैत्रीण नुसतं पाणी पिऊन गेली. नवऱ्याच्या मित्रांनी बाटल्या आणल्या तेव्हा सासूबाई उठून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. नणंद जाता जाता म्हणाली, हा नाताळ आहे का तुझ्या ऑफिसचं गेट टुगेदर. रात्री साडेअकराला शेवटची मैत्रीण बाय करायला किचनमध्ये आली तेव्हा ताईंच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण एकदाही खाली बसलेलो नाही, आणि त्यांना रडूच फुटलं. आता विचारतायत की यंदा पार्टी बंदच करू का. सासूबाई म्हणतात घरची रीत मोडू नकोस. नवरा म्हणतो हॉटेलात करू, नाहीतर घरी कर, मी मदत करतोच की. मित्रमंडळींना नाही म्हटलं तर ती दुखावतील आणि नातेवाईक तर जन्मभर बोलतील. पत्रातलं शेवटचं वाक्य, मी स्वार्थी झालेय का?

ताई, सलाम. आधी त्या शेवटच्या वाक्याचं उत्तर देते म्हणजे तो काटा निघेल. नाही, तुम्ही स्वार्थी झालेल्या नाही. स्वार्थी बाई 46 माणसांचा स्वयंपाक एकटीने करत नाही, आणि केलाच तर नंतर स्वतःलाच दोष देत पत्र लिहीत नाही. तुम्ही दमला आहात, आणि तुमची एक गोष्ट हरवली आहे. मला विचाराल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट ते रडणं नाहीये, 25 ला सकाळची उपासना चुकली हे वाक्य आहे. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. ज्या दिवसासाठी हे सगळं करायचं, त्या दिवसाची उपासना त्या घरच्या बाईची चुकली, आणि पत्र वाचून असं वाटतं की हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. यंदा बाकी काही ठरो न ठरो, एवढं आत्ताच ठरवून टाका की 25 ला सकाळी तुम्ही चर्चमध्ये असणार, नवी साडी नेसून, मुलांच्या शेजारी. पार्टीचा बाकीचा सगळा हिशोब त्यानंतर.

आता रीत. सासूबाई म्हणतात रीत मोडू नकोस, आणि तुम्ही ते ऐकून असं धरून चाललात की रीत म्हणजे 46 माणसांचं रात्रीचं जेवण. पण ताई, ही रीत कुणाची आहे? मी स्वतः नगर जिल्ह्यातल्या मिशन कंपाउंडात वाढले. आमच्याकडे नाताळला रात्रीची पार्टी असं काही नव्हतंच. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फराळ सुरू व्हायचा, करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, काट्यावर वळलेले गोड कलकल, आणि तो एका घरात कधीच नाही व्हायचा. आज आमच्याकडे, उद्या जोसेफकाकांकडे, परवा शाळेच्या बाईंकडे असं चालायचं, पाच सहा बायका पोळपाट घेऊन यायच्या, लहान पोरांना काट्यावर कलकल वळायला बसवायचे. केकचं पीठ घरी घोटायचं आणि पत्र्याचे डबे घेऊन बेकरीत जायचं, प्रत्येक डब्यात नावाची चिठ्ठी, कारण भट्टीत पन्नास घरांचे केक एकत्र असायचे. मग 25 ला उपासना झाली की घराघरातून ताटं निघायची, वरून क्रोशाचा रुमाल. मुस्लिम शेजाऱ्यांकडे, मारवाडी दुकानदाराकडे, शाळेच्या शिपायाकडे. दिवसभर दार उघडं, येणारा येतो, चहा फराळ घेतो, दोन गोष्टी बोलतो, जातो. दुपारी घरच्यांपुरतं मटण. संध्याकाळी पेटी तबला आणि भजन.

ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि ती नुसती आमच्या कंपाउंडापुरती नव्हती. गोव्यात कुसवार म्हणतात, नेवऱ्या, दोदोल, बेबिंका असं भरलेलं ताट शेजारीपाजारी जातं. म्हणजे ताट लोकांकडे जायचं आणि लोक आपापल्या वेळेने आपल्याकडे यायचे. सगळ्यांना एकाच वेळी एका हॉलमध्ये बसवून पाच पदार्थांचं जेवण वाढायचं हे आपण नंतर कुठून तरी उचललंय, टीव्ही म्हणा, ऑफिसच्या पार्ट्या म्हणा. नगरला अमेरिकन मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं, म्हणजे नगरच्या मराठी नाताळाला दोनशे वर्षं होत आली, आणि तेवढ्या काळात त्याने किती रूपं घेतली ती बघा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्त ओव्या अभंगात आणला म्हणून आज आपण टाळ वाजवत नाताळ साजरा करतो, त्याआधी परक्या चालीवरचीच गाणी जास्त होती. अहो ज्याच्याशिवाय आता नाताळ वाटत नाही ते ख्रिसमस ट्रीसुद्धा इंग्लंडच्या घराघरात 1840 नंतर पोचलं, राणी व्हिक्टोरियाच्या घरचं चित्र 1848 मध्ये छापून आलं तेव्हापासून. सण टिकलाच असा बदलत बदलत. तेव्हा तुमच्या हॉलमधली चार वर्षांची पद्धत यंदा बदलली तर काही मोडत नाही, उलट सासूबाईंना जी रीत आठवते तिच्या जवळच तुम्ही जाल असं मला वाटतं.

आणि म्हणून माझा पहिला प्रश्न. तुम्ही सासूबाईंना विचारलंय का की त्यांना नक्की काय हवंय? रीत मोडू नकोस म्हणजे काय नको मोडू, बिर्याणी का माणसं? चार वर्षांपूर्वी त्यांचा जोडीदार गेला, घर गेलं, कंपाउंड गेलं, चर्चमधली रोजची ओळखीची माणसं गेली. बाटल्या निघाल्यावर त्या आत जाऊन बसल्या हे तुम्ही पाहिलंत, लिहिलंतही, मग ज्या पार्टीतून त्या स्वतः उठून गेल्या ती पार्टी त्यांनाच हवीये हे कशावरून? मला वाटतं त्यांना दार उघडं हवंय. एखाद्या दुपारी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, आई, नगरला नाताळ कसा असायचा, पहाटेपासून सांगा. मध्ये बोलू नका, मोबाइल लांब ठेवा. त्या जे तीन चार वेळा परत परत सांगतील तेवढंच यंदा करायचं. कदाचित ते खूप छोटं निघेल. उपासनेनंतर सगळे एकत्र बसून एक गाणं, एवढंही असू शकेल.

नणंदेचं बोलणं तुम्हाला लागलं आणि ते लागण्यासारखंच आहे. पण जरा तिच्या जागी उभं राहून बघा. नाताळला ती माहेरी जायची, नगरला, वडिलांच्या घरी. ते घर आता नाही. आता तिचं माहेर म्हणजे तुमचा हॉल, आणि तिथे ती येते तर सोफ्यावर अनोळखी माणसं बसलेली, आई आतल्या खोलीत, वहिनी किचनमध्ये, भाऊ ग्लास भरतोय. वडिलांची आठवण काढायला तिला कोपरासुद्धा मिळाला नसेल. तिने ते चुकीच्या शब्दात आणि चुकीच्या माणसाला बोलून दाखवलं, तुमच्या मैत्रिणींवर तिचा राग असेल असं मला वाटत नाही. नातेवाईक जन्मभर बोलतील असं तुम्ही लिहिलंय पण पत्रात बोललेली एकच बाई आहे, आणि ती घरचीच आहे, तिच्याशी बोलता येतं.

आता नवऱ्याचं, कारण पत्रात मदत हा शब्द तुम्ही तीनदा वापरलाय. तो मदत करतो, सामान आणतो, कोल्ड्रिंक्सचं बघतो. ताई, काम तुमचं असेल तर त्याची मदत. पण पाहुणे दोघांचे, त्यातले अर्धेअधिक त्याच्या घरचे आणि त्याचे मित्र, मग अर्धं काम त्याचंच आहे. अशा वेळी चर्चमध्ये बायकांना हमखास मार्था आणि मरिया या दोन बहिणींची गोष्ट सांगतात, की मार्थासारखी धावपळ करू नकोस, मरियेसारखी येशूच्या पायाशी बस. ही गोष्ट महिला मंडळात मी इतक्यांदा ऐकलीये आणि दर वेळी मनात यायचं की बरं, मग जेवण कुणी केलं? बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात 12 व्या अध्यायात परत त्यांच्या गावचं, बेथानीतलं जेवण येतं, तिथेही मार्था वाढत्येय आणि तिचा भाऊ लाजर येशूबरोबर पंगतीला बसलाय. घरात तीन भावंडं आणि वाढायला एक. माझ्या वाचनात तरी लाजराला कुणी उठवून किचनमध्ये पाठवलेलं नाही. तुमच्या घरी ते करा. त्याला मदत कर म्हणू नका, दोन कामं पूर्ण त्याच्याकडे द्या, म्हणजे ठरवायचं त्यानेच, आणायचं त्यानेच, वेळेत झालं नाही तर उत्तरही त्यानेच द्यायचं. मी असते तर त्याला दुपारचं जेवण आणि नंतरची आवराआवर दिली असती. आणि तुम्ही मध्ये पडायचं नाही, मीठ कमी झालं तरी नाही, हे तुम्हाला जास्त जड जाईल ते मला माहितीये.

माझीच एक गोष्ट सांगते म्हणजे मी हे का एवढं मनावर घेतलंय ते कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही अशीच नाताळची पार्टी करायचे, 50, 60 माणसं. एका वर्षी वडिलांचे चुलतभाऊ गावाहून एसटीने आले, पिशवीत पेरू आणि भुईमुगाच्या शेंगा. मी त्यांना प्लेट दिली, पाया पडले, बसा म्हटलं आणि परत आत गेले. सहाची एसटी होती म्हणून ते पाचला निघाले, मी किचनच्या दारातूनच हात केला. 2 जानेवारीला फ्रिज पुसताना वर एक लग्नपत्रिका सापडली, त्यांच्या नातीच्या लग्नाची. लग्न 28 डिसेंबरला होऊन गेलं होतं. ते आमंत्रण द्यायला आले होते, आणि मी त्यांना का आलात हे विचारलंच नव्हतं, आणि एवढ्या गर्दीत पत्रिका हातात द्यायला त्यांना जमलं नाही म्हणून समोर दिसेल अशी ठेवून गेले. मी नंतर जाऊन माफी मागितली, ते काही बोलले नाहीत, चहा पाजला. त्या वर्षापासून मी माणसं मोजायची पद्धत बदलली. घरात मावतील किती ते मी बघत नाही, ज्यांच्याजवळ मला दहा मिनिटं बसता येईल असे किती, ते बघते. चार तासात अशी वीसएक माणसं होतात, त्याच्या वर नाही.

तर आता पर्याय बघू. बंद करू का असं विचारलंत. एखादं वर्ष बंद ठेवायला काहीच हरकत नाही, माणूस दमतो, आजारपण असतं, परीक्षा असतात, कुणाला कारणं द्यायची गरज नसते. यंदा आम्ही नाताळ घरच्यांपुरताच ठेवलाय, जानेवारीत भेटू, एवढा मेसेज पुरतो. पण तुमच्या पत्रात मला पार्टीचा कंटाळा दिसला नाही. पहिल्या वर्षीच्या 18 माणसांबद्दल तुम्ही किती प्रेमाने लिहिलंय, मुलांनी येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाणी कशी केली, पुठ्ठ्याचा उंट कसा सारखा पडत होता. तुम्हाला माणसं आवडतात. पूर्ण बंद केलंत तर 25 ला संध्याकाळी तुम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं होईल आणि पुढच्या वर्षी परत 46 जणांना बोलवाल.

हॉटेलचं म्हणाल तर ज्यांच्याकडे म्हातारं माणूस नाही, लहान मुलं नाहीत, त्यांच्यासाठी ठीक आहे, काही घरांना तेच सोयीचं पडतं. तुमच्याकडे मात्र सासूबाईंना मध्येच आडवं व्हायला जागा नाही, प्रार्थना करायची तर शेजारच्या टेबलावर गाणी वाजतायत, आणि 25 ला पुण्यात कुठेही जा, गर्दी इतकी की दोन तासात उठा म्हणतात. खर्च होतो तो वेगळाच. मी तुमच्यासाठी हॉटेल सुचवणार नाही.

मला जे जमेलसं वाटतं ते म्हणजे दोन दिवस करा. घाबरू नका, दोन दिवस म्हणजे दुप्पट काम नाही, मी सांगते कसं ते. नाताळ 25 ला संपत नाही, जुन्या पद्धतीप्रमाणे तो बारा दिवस चालतो, 6 जानेवारीला मागी लोकांचा, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी माणसांचा, सण येईपर्यंत. शुभवर्तमानात मेंढपाळ त्याच रात्री गव्हाणीपाशी आले आणि पूर्वेकडचे मागी नंतर लांबचा प्रवास करून पोचले, ते उशिरा आले म्हणून कमी आनंदाने आले असं तर कुठे लिहिलेलं नाही. तसं तुमचं घराणं 25 ला, आणि मित्रमंडळी नंतरच्या एखाद्या शनिवारी किंवा रविवारी. 31 ची रात्र टाळा, चर्चमध्ये वॉच नाईटची, म्हणजे जुनं वर्ष संपतानाची, उपासना असते आणि मित्रांचेही बेत ठरलेले असतात.

25 ला उपासना, मग घरी सगळे एकत्र, दुपारचं जेवण, रात्रीचं नाही. एक बिर्याणी, एक कोशिंबीर, बस. बिर्याणी बाहेरून मागवा किंवा नवऱ्याने करावी, साधारण एक किलो तांदळाची आठ ते दहा माणसांना होते, 20 माणसांना अडीच किलो सांगितली की उरतेसुद्धा. बाकी प्रत्येक घराने एक वस्तू आणायची. सासूबाई म्हणतील लोकांना डबे आणायला सांगायचे का, बरं दिसतं का ते. त्यांना कंपाउंडातलीच आठवण करून द्या, तिथे कोण रिकाम्या हाताने यायचं? फक्त काहीही आणा असं सांगू नका, तसं सांगितलं की चार घरून गुलाबजाम येतात. दिरांनी मटणाचं सुकं, नणंदेने कोशिंबीर आणि सोलकढी, असं नाव घेऊन सांगा. जेवण झालं की गाणी, मग ज्याला झोपायचं तो झोपेल.

आणि मित्रमंडळींचा दिवस म्हणजे दुपारी चार ते आठ उघडं घर. जेवण नाही. मेसेजमध्येच स्पष्ट लिहा, चहा, फराळ, केक, कधीही या, आठपर्यंत आहोत. सगळे एकदम येत नाहीत, कुणी साडेचारला येतं, कुणी साडेसहाला, हॉलमध्ये एका वेळी पंधरा सोळाच्या वर माणसं होत नाहीत. आणि यात तुमच्या जैन मैत्रिणीचाही प्रश्न सुटतो बघा. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि ती चौविहार पाळत असेल, म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्नपाणी काहीच घेत नसेल, तर तुमच्या साडेआठच्या जेवणात तिने पाणी तरी प्यायलं हेच आश्चर्य, बहुतेक पाळत नसेल आणि खायला काही नसेल. साडेचारला आली तर बिनअंड्याचा केक, शंकरपाळ्या, चकली, सगळं खाईल. तिच्यासाठी वेगळं काही करत बसू नका, सगळ्यांसाठीच एक केक बिनअंड्याचा ठेवा आणि समोर चिठ्ठी लावा, कुठल्यात अंडं आहे, कुठल्यात रम आहे, कुठल्यात नाही. मुस्लिम मित्र असतील तर रमची चिठ्ठी त्यांच्यासाठीही हवी, विचारायला लोकांना संकोच वाटतो. सुका मेवा रममध्ये भिजवायचा नसेल तर संत्र्याच्या रसात भिजवा, फ्रिजमध्ये, दोन तीन दिवसच, रमसारखा महिनाभर टिकत नाही. अजून एक, नाताळ पुष्कळदा मार्गशीर्षात येतो, आपल्या हिंदू मैत्रिणींपैकी बऱ्याचजणी महिनाभर नॉनव्हेज खात नाहीत, गुरुवारचा उपास असतो. कॅलेंडर आधी बघा आणि त्या दिवशी कुणाचा उपास आलाच तर शेंगदाण्याचे लाडू, फळं, साबुदाण्याचं काहीतरी असू द्या. फार छोटी गोष्ट आहे पण आपल्याला कुणी आठवणीत ठेवलं हे त्या माणसाला कळतं.

फराळ तुम्ही एकटीने करायचा नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी नणंद, जाऊ, तुमच्या दोन जवळच्या मैत्रिणी यांना बोलवा, फराळ करायलाच बोलवा. ऑफिसच्या मैत्रिणी आम्हाला कधी बोलावणार म्हणाल्या होत्या ना, त्यांना करंज्या भरायला बोलावलंत तर पार्टीला बोलावल्यापेक्षा त्या जास्त खूश होतील, मी हे पाहिलंय. दिवाळीच्या करंज्या त्या करतातच, त्यांचं सारण वेगळं, सासूबाईंचं वेगळं, दोन तासात त्या आईंच्या मैत्रिणी होऊन जातील. आणि हाच दिवस नणंद तुमच्या मैत्रिणींना पहिल्यांदा नीट भेटेल, सोफ्यावरची अनोळखी बाई म्हणून नाही, शेजारी बसून लाटणारी बाई म्हणून. एवढा एक रविवार झाला की दोन्ही दिवसांचं अर्ध्याहून जास्त काम संपलं, म्हणून म्हटलं दुप्पट होत नाही.

बाटल्यांचं. यात दोन मतं असतात आणि मी कुणाच्या घरात काय असावं हे ठरवणारी नाही, कितीतरी ख्रिस्ती घरांत नाताळला वाइन असते आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नाही. पण तुमच्या घरात 74 वर्षांची आई आहे आणि तिला ते सहन होत नाही, मग प्रश्न मिटला. हे मित्रांना नवऱ्याने सांगायचं, तुम्ही नाही, आणि दारात बाटली घेऊन उभे असताना नाही, आठवडाभर आधी फोनवर. आमच्याकडे नाताळला दारू नसते, आई असते घरात, असं सरळ सांगितलं की चांगले मित्र ऐकतात. त्यांच्या हातात द्यायला काहीतरी हवं असं वाटत असेल तर जिंजर वाइन करून ठेवा, नाव वाइन पण त्यात दारू नसते. शंभर ग्रॅम आलं ठेचून, एक लिटर पाणी, अर्धा किलो साखर, दालचिनीचा तुकडा, सात आठ लवंगा, वीस मिनिटं उकळायचं, गार झालं की गाळून दोन लिंबं पिळायची. फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. प्यायच्या वेळी एकास तीन पाणी, थंडी असेल तर गरम पाणी. घशाला लागते छान, माणसं दुसरा ग्लास मागतात.

प्रार्थनेबद्दल तुम्ही लिहिलंय की मित्रांसमोर कशी करायची, त्यांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून मागच्या वर्षी केलीच नाही. हे मला वाचून वाईट वाटलं. ताई, तुम्ही त्यांच्याकडे गणपतीला जाता तेव्हा आरती चालू असते, तुम्ही हात जोडून उभ्या राहता का नाही? तुम्हाला कुणी आरती थांबवून बसा म्हणतं का? ते तुमच्याकडे येतात ते तुमचा सण बघायला. बिर्याणी पुण्यात कुठेही मिळते. सहा वाजता दिवे थोडे कमी करा, गव्हाणीपुढे मेणबत्ती लावा, मुलांना एक मराठी नाताळगीत म्हणू द्या, सासूबाईंनी दोन मिनिटं प्रार्थना करावी, मोठ्याने, त्यांच्या नगरी बोलीत. ज्याला यायचंय तो येईल, ज्याला नको तो बाल्कनीत उभा राहील. माझ्या घरी एक शेजारी आजोबा दर वर्षी बरोबर सहाला यायचे, केकला हात लावायचे नाहीत, डायबिटीस होता, गाणं ऐकून निघून जायचे.

बाकी बारीकसारीक, रिटर्न गिफ्टच्या भानगडीत पडू नका, निघताना फराळाची छोटी पुडी द्या. नाताळबाबा करायचा असेल तर नवऱ्याच्या त्याच मित्रांपैकी एकाला उभा करा, त्याला काम मिळेल आणि पोरं खूश. स्पीकर लावलाच तर दहाच्या आत बंद, तसंही तुमचं आठला संपलेलं असेल. प्लेट्स कागदाच्या किंवा पत्रावळी, भांडी घासायची नाहीत, त्या दिवशी नाहीच.

आणि नणंदेला फोन. मेसेज नको, फोन. मागच्या वर्षीचं काढू नका. एवढंच विचारा की बाबा नाताळला घरात कुठलं गाणं आधी म्हणायचे, ते यंदा 25 ला तू सुरू करशील का, मी पेटी कुणाकडून तरी आणून ठेवते. दोन मिनिटं ती गप्प राहिली तर राहू दे, तुम्ही फोन धरून बसा. मग फराळाचा रविवार सांगा आणि कोशिंबिरीचंही सांगून टाका. हा फोन याच आठवड्यात करा, कारण डिसेंबर लागला की घरोघरी जाऊन नाताळगीतं म्हणायच्या कॅरोल राउंड सुरू होतात, तिच्याही चर्चच्या मंडळीचे कार्यक्रम असतात, आणि मग तिला एक रविवार मोकळा मिळायचा नाही.